पहिली आच

हरभरा दोनदा भाजतात.
हे मला शाळेच्या आधीपासून माहीत,
पंचफुलाआत्याच्या भट्टीवर वाढलो मी,
पुलगावच्या अलीकडे, रस्ता नाल्यात उतरतो तिथं,
पऱ्हाट्यांचा धूर बाभळीला चिकटून राहतो तिथं.

पहिली आच जेमतेम.
दाणा रेतीत फिरवून कोमट करायचा,
काढायचा, हळदमिठाच्या पाण्याचा हबका द्यायचा,
पोत्याखाली रातभर झाकायचा.
खरी रेती दुसऱ्या दिवशी.
मग दाणा फुटतो, जळत नाही.
तसाच टाकला तर वरून कोळसा, आत खडा.
"त्याले आंधी कळू दे ना बावा,
का आग काय रायते," आत्या म्हणायची
झाऱ्यानं रेती ओढता ओढता.

आता मी वर्ध्याला आतडी कापतो.
मेणात बसवलेली, पाच मायक्रॉनच्या चकत्या करून.
काचेवर गुलाबी-जांभळं उगवतं,
पेरणीनंतरच्या ज्वारीसारखी दाट बोटं,
त्यांच्यावर अस्तर, एका पेशीचं.
एकाच.
अलीकडे गिळलेलं सगळं, पलीकडे रक्त,
मधे हा एवढाच कूड,
पेशीनं पेशीचा हात धरून उभा.

यंदा नवतपात निकेश आला, आत्याचा नातू.
दोन वर्षं पुण्यात, काचेच्या थंडगार खोलीत.
सत्तेचाळीस होतं त्या दिवशी.
"आजी, सरक तू," म्हणत झारा घेतला त्यानं.
तीनला पोट धरून बसला.
मग आडवा. मग आईला हाका, जी घरात नव्हतीच.
घाम थांबलेला, कपाळ तव्यासारखं.
ऑटोत त्याचा पायजमा रक्तानं भरला
आणि आत्यानं पदर सोडून त्याच्यावर टाकला, काही न बोलता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं:
उन्हात रक्त कातडीकडे धावतं,
आतडं उपाशी पडतं, अस्तराचे हात सुटतात,
आतलं विष पलीकडे झिरपतं.
वाचेल, म्हणाल्या. बर्फ ठेवा काखेत.

रात्री वॉर्डाबाहेर आत्या मला म्हणाली,
"मी त होळीपासून तितंच बसतो. मले काऊन नाही झालं?"

मी तिला हीट शॉक प्रोटीनबद्दल सांगू लागलो.
आच लागली की पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या मोडतात,
आणि ही धावत येतात,
चुरगळलेलं पुन्हा घडीवर बसवतात.
थोडी आच आधी मिळाली असेल
तर मोठी येईपर्यंत ती तयार असतात, अस्तर टिकवतात.
निदान उंदरांत तसं दिसलंय.
माणसांत? असावं. अजून शोधताहेत.

"म्हंजे पाठराखीण," ती म्हणाली.
मी कधीचा शब्द शोधत होतो.
नव्या घरी नवरीसोबत जाते,
तिची निरी सावरते, तिला रडू देते, जेवायला बसवते.

"पण पाठराखीण चार दिवसच रायते," आत्या म्हणाली.
होय. हीही विरतात.
लहानपणी निकेश त्याच भट्टीपुढं खेळला होता,
त्यातलं काही उरलं नव्हतं त्याच्यात.
रोज थोडी आच लागते. रोज बोलवावं लागतं.

मग तिनं विचारलं,
"माह्या पोटातलं दिसंन का तुह्या काचेवर?"
दिसेल, म्हणालो. आणि गप्प झालो,
कारण माझ्याकडे येतं ते सगळं
कोणाच्या तरी अंगातून कापून काढलेलं असतं.
ती तळहात पाहत होती.
त्यांना कोणी पाठराखीण मिळाली नव्हती,
झाऱ्याच्या दांड्यानं रेषा केव्हाच पुसल्या होत्या,
आणि डाव्या डोळ्यात धुरानं आणलेलं पांढरं.

पहाटे निकेशनं पाणी मागितलं.
आत्यानं दिलं, दोन चमचे, आणखी दोन.
मग उठली. घरी भिजवलेला हरभरा
पोत्याखाली दुसरी रात्र काढत होता.
"जास्त झालं त त्याले कोंब फुटते," म्हणाली,
आणि पहिल्या बसनं गेली.